शिकागो ते सॅन फ्रान्सिस्को रेल्वेने जायचंय? आधी विमानाची तारीख पुढे ढकला

काका, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लेकीकडे शिकागोला आला आहात, मायदेशी परतायचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून आहे, आणि मधलं अंतर विमानाऐवजी रेल्वेने कापायची हौस आहे. दोघांनीही साठी ओलांडली आहे, काकूंचे गुडघे दुखतात, दोघं शाकाहारी. गाडी संध्याकाळी पोचते आणि विमान त्याच रात्री साडेदहाचं आहे, म्हणून मध्ये हॉटेलचा खर्च वाचतो. बसून जावं की झोपायची खोली घ्यावी, जेवणाचं काय, आणि हे सगळं झेपेल का, असं तुम्ही विचारलंय.

झेपेल, नक्की झेपेल. पण ते रात्री साडेदहाचं विमान बदला. इकडे येणाऱ्या मराठी मंडळींचे रेल्वेप्रवास आखून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरून त्याच दिवशी विमान पकडायचा बेत मी कुणालाच करू देत नाही. पोचायचा दिवस सोडा, मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा आणि मगच विमान धरा.

कारण समजून घ्या, म्हणजे मी उगाच घाबरवतेय असं वाटणार नाही. तुमची गाडी कॅलिफोर्निया झेफर. ती शिकागोच्या युनियन स्टेशनवरून रोज दुपारी दोनला सुटते आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एमरीव्हिलला पोचते. अंतर २,४३८ मैल, म्हणजे ३,९२४ किलोमीटर. वेळ साधारण ५२ तास. गाडी चालवते ॲमट्रॅक, पण ती ज्या रुळांवरून धावते ते ॲमट्रॅकच्या मालकीचे नाहीत. शिकागोपासून डेन्व्हरपर्यंत रूळ बीएनएसएफचे आणि तिथून पुढे युनियन पॅसिफिकचे. दोन्ही मालवाहतुकीच्या कंपन्या. १९७१ साली खासगी रेल्वे कंपन्यांनी तोट्यातल्या प्रवासी गाड्या सोडून दिल्या आणि त्या चालवायला ॲमट्रॅक उभी राहिली. रूळ मात्र मूळ मालकांकडेच राहिले. प्रवासी गाडीला आधी वाट द्यावी असा कायदा १९७३ पासून आहे. पण एकेरी मार्गावर समोरून मालगाडी आली तर कुणीतरी साइडिंगला, म्हणजे बाजूच्या जोडरुळावर, जाऊन थांबावंच लागतं. आता काही मालगाड्या दोन-तीन मैल लांब असतात आणि साइडिंग त्याहून आखूड. लांब गाडी आत मावतच नाही, म्हणून बाजूला होते ती आपली आखूड प्रवासी गाडी.

उन्हाळ्यात कडक उन्हाने रूळ तापले की वाकण्याचा धोका असतो, त्यामुळे वेग कमी ठेवायचा हुकूम निघतो. चालकांना सलग बारा तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, हा संघराज्याचा कायदा आहे. वाटेत वेळ गेला आणि बारा तास भरले तर दुसरे कर्मचारी येईपर्यंत गाडी जागची हलत नाही. एकदा ठरलेली वेळ चुकली की पुढच्या प्रत्येक क्रॉसिंगला तीच गाडी रांगेत मागे पडते आणि उशीर वाढत जातो. उलटही होतं: शेवटच्या टप्प्यात वेळापत्रकात थोडा जादा वेळ धरलेला असतो, त्यामुळे दोन तास मागे असलेली गाडी कधीकधी वेळेवर पोचते. म्हणून उशिराचा अंदाज आधी बांधता येत नाही. ज्या दिवशी वेळेवर पोचाल त्या दिवशी एक संध्याकाळ जास्तीची मिळाली असं समजा.

हेच शिकागोला येतानाही लागू आहे. दुसऱ्या गावाहून गाडीने शिकागोला येऊन पुढची गाडी धरणार असाल, तर दोन्ही प्रवास एकाच आरक्षणात घ्या. मग पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर पुढची सोय ॲमट्रॅक करते. वेगवेगळी तिकिटं काढलीत तर तो भार तुमच्यावर येतो. आणि दिवसाला गाडी एकच आहे हे विसरू नका. चुकली तर पुढची चोवीस तासांनी.

आता बसून की झोपून. कोचमधली, म्हणजे नुसत्या बसायच्या डब्यातली, खुर्ची खरंच प्रशस्त असते. पाठ बरीच मागे जाते, पोटऱ्यांना आधार देणारी फळी वर येते, समोर पाय पसरायला जागा असते. एका रात्रीसाठी धडधाकट माणसाला ती पुरते. पण पाठ टेकून आडवं पडता येत नाही, आणि दोन रात्री तसं बसून काढल्यावर तिसऱ्या दिवशी सिएरा नेवाडाच्या डोंगरात डोळे उघडे राहत नाहीत. साठीनंतर सलग दोन रात्री कोचने जा, असं मी सांगणार नाही.

खोलीचा सगळ्यात छोटा प्रकार म्हणजे रूमेट. दोन माणसांची, साडेतीन फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब. दिवसा समोरासमोर दोन खुर्च्या. रात्री त्या दोन्ही सरकवून खालचा पलंग होतो आणि छताजवळचा दुसरा बर्थ खाली ओढतात. हा वरचा बर्थ नीट समजून घ्या, कारण आरक्षणाच्या पानावरच्या फोटोत तो फार देखणा दिसतो. त्याला खिडकी नाही. उठून बसावं एवढी उंची नाही. चढायला शिडी नसते, भिंतीलगतच्या दोन पायऱ्यांवर पाय ठेवून वर जायचं. पडू नये म्हणून पट्ट्यांची जाळी असते, ती आतून अडकवायची. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसासाठी ही जागा नाही. तुमच्यापैकी वर कोण झोपणार हे तिकीट काढायच्या आधी ठरवा. तुम्हाला, काका, ते जमणार असेल तर रूमेट घ्या. दोघांनाही जमणार नसेल तर मोठ्या बेडरूमनेही हा प्रश्न सुटत नाही, कारण तिथलाही दुसरा पलंग वरच असतो. फक्त खालचा जास्त रुंद आहे, आणि स्वच्छतागृह व शॉवर खोलीतच मिळतात. अशा वेळी दोन रूमेट घेणं किंवा खाली सांगते तसा प्रवास तोडणं बरं.

काकूंच्या गुडघ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून करा. ही गाडी दुमजली आहे. प्लॅटफॉर्मवरून आत शिरलं की आपण खालच्या मजल्यावर असतो आणि वर जायचा जिना अरुंद, मध्येच वळणारा आहे. झोपायच्या डब्यात १ ते १० क्रमांकाच्या रूमेट वर असतात आणि ११ ते १४ खाली. खालची मागा. ती मिळवायला वेबसाइटपेक्षा फोनवर माणसाशी बोलणं सोपं जातं. खालच्या खोल्यांसमोरून ये-जा कमी, हेलकावे कमी, स्वच्छतागृहं आणि शॉवर चार पावलांवर. तोटा एकच: एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट वरच्या मजल्यावरूनच आहे, त्यामुळे जेवायच्या डब्यात जायला जिना चढावा लागतो. ज्या दिवशी गुडघा साथ देणार नाही त्या दिवशी अटेंडंटला सांगा, जेवण खोलीत आणून देतात. त्यात संकोच करू नका, ते त्यांचं कामच आहे. प्रवास संपताना त्यांना टिप द्यायची इथली रीत आहे. काम चांगलं केलं असेल तर हात आखडता घेऊ नका.

खर्चाचं गणित असं असतं. प्रत्येकाचं प्रवासभाडं वेगळं, आणि त्यावर खोलीचं भाडं, जे माणशी नसून खोलीमागे असतं. म्हणून एकट्याला रूमेट फार महाग वाटते आणि दोघांत तीच परवडते. खोलीबरोबर दोघांचं सगळं जेवण येतं, हेही त्यात धरा. ६५ पूर्ण असतील तर प्रवासभाड्यात १० टक्के सवलत मिळते. दर विमानासारखे चढतात-उतरतात. तीच खोली मंगळवारी आणि शुक्रवारी वेगळ्या दरात दिसेल. आरक्षण ११ महिने आधी उघडतं. तुम्ही तारखेला बांधलेले नाही आहात, हा तुमचा मोठा फायदा आहे. पंधरवड्यातले सगळे दिवस तपासून मगच पैसे भरा. ३० दिवसांत दहा टप्प्यांचा ४९९ डॉलरचा पासही मिळतो, पण तो फक्त कोचसाठी आहे. देशभर फिरणाऱ्या तरुण मंडळींना तो छान. तुमच्या कामाचा नाही.

आता माझी खरी शिफारस. सलग जाऊ नका, ग्लेनवुड स्प्रिंग्जला एक रात्र उतरा. कोलोरॅडोतलं हे छोटं गाव कोलोरॅडो नदीच्या काठी आहे. शिकागोहून निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या आत तिथे येते. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर हॉटेलं आहेत आणि नदीवरचा पादचारी पूल ओलांडला की १८८८ पासून चालू असलेला गरम पाण्याचा प्रचंड तलाव. एक रात्र गाडीत काढल्यावर दुखऱ्या गुडघ्यांना त्या पाण्यात जो आराम मिळतो, तो मी माझ्याकडून गेलेल्या बऱ्याच ज्येष्ठांच्या तोंडून ऐकलाय. रात्री हॉटेलात सपाट पलंगावर झोपा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी येणारी त्या दिवशीची झेफर पुढे धरा. गाडी दोन तास उशिरा असली तरी फोनवर कळत राहतं, आणि तुम्ही गावातच निवांत बसलेले असता. मुख्य म्हणजे या तोडण्यात रस्त्यावरचं एकही चांगलं दृश्य अंधारात जात नाही. आरक्षण करताना बहुशहरी प्रवासाचा पर्याय निवडून दोन्ही टप्पे एकत्रच घ्या.

दृश्यांबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण हा प्रवास करायचा तो त्यासाठीच. शिकागोहून पश्चिमेकडे जाणारी गाडी आयोवा आणि नेब्रास्काची सपाट शेतं संध्याकाळी आणि रात्री ओलांडते आणि सकाळी सातच्या सुमारास डेन्व्हरला येते. रॉकी पर्वत दिवसाउजेडी. मग यूटाचं आणि नेवाडाचं वाळवंट दुसऱ्या रात्री, आणि सिएरा नेवाडा पुन्हा सकाळी. वेळापत्रक जणू प्रवाशाच्या डोळ्यांसाठीच आखलंय.

डेन्व्हर सुटलं की तासाभराच्या आत चढ सुरू होतो. मैदान संपून डोंगर जिथे उभा राहतो तिथे गाडी एक मोठं नागमोडी वळण घेत वर चढते. त्या वळणाच्या आतल्या बाजूला जुन्या मालडब्यांची एक रांग उभी दिसेल. ते डबे विसरून राहिलेले नाहीत. त्यांत वाळू भरून ते तिथे कायमचे उभे केले आहेत, कारण डोंगरावरून उतरणारा वारा इथे इतका जोराचा असतो की चालत्या गाडीला धोका व्हावा. ती वाऱ्याला घातलेली भिंत आहे. बोलण्यात असाल तर ती निघून जाते, म्हणून डेन्व्हरनंतर खिडकी सोडू नका. नंतर एकामागून एक दोन डझनांहून जास्त बोगदे, आणि शेवटी मॉफट बोगदा. लांबी ६.२ मैल, १९२८ साली खुला झाला, समुद्रसपाटीपासून ९,२०० फुटांवर. आत असताना एका डब्यातून दुसऱ्यात जाऊ नका असं सांगतात, कारण दारं उघडली की इंजिनाचा धूर डब्यात भरतो. दहाएक मिनिटं अंधार. या बोगद्याच्या अलीकडचं पाणी शेवटी अटलांटिकच्या बाजूला जातं आणि पलीकडचं पॅसिफिककडे वाहायला लागतं. खंडाचा पाणलोट आपण डोंगराच्या पोटातून ओलांडलेला असतो. त्यानंतर तासन्‌तास कोलोरॅडो नदी सोबत असते. गोर कॅन्यनमध्ये तर रस्ताही नाही: नदी, कडा आणि रूळ. ते पाहायचं तर गाडीनेच किंवा नदीतल्या राफ्टमधून.

हे सगळं बघायला खास डबा असतो, त्याच्या खिडक्या छतापर्यंत वळलेल्या असतात. तिथे आरक्षण नाही, आधी येईल त्याची जागा. डेन्व्हर सुटायच्या आधीच जाऊन बसा, नंतर उभं राहायलाही जागा नसते. पण तास-दोन तासांनी उठून दुसऱ्याला जागा द्या. खोली असलेल्यांकडे स्वतःची खिडकी असते, कोचवाल्यांना कधीकधी तीही नसते.

तिसऱ्या दिवशी रीनो सोडल्यावर ट्रकी गाव आणि डोनर लेक हे तळं. काही नवे बोगदे सोडले तर हा १८६९ साली पुऱ्या झालेल्या पहिल्या खंडपार रेल्वेचाच मार्ग. हजारो चिनी मजुरांनी या ग्रॅनाइटमध्ये हाताने सुरुंग लावून तो कोरला. तळं पश्चिमेकडे जाताना उजव्या हाताला, खोल खाली दिसतं.

जेवणाचं सांगते. या मार्गावर चांगला डायनिंग डबा आहे, ताटात गरम जेवण येतं. दुपार आणि रात्रीच्या यादीत बिनमांसाचा एखादा पदार्थ असतो, सकाळी ओटमील, ब्रेड, फळं. उपास पडणार नाही, पण दुपार-रात्रीची चार जेवणं त्याच एका पदार्थावर काढायचा कंटाळा येईल. अंडंही चालत नसेल तर निवड आणखी आक्रसते. म्हणून टिकाऊ घरचं खाणं बरोबर ठेवा. ते आपल्या जागेवर किंवा खोलीत खायला मुभा आहे. डायनिंग डब्यात किंवा दृश्यं बघायच्या त्या खास डब्यात मात्र स्वतःचा डबा उघडायचा नाही. टेबल चौघांचं असतं आणि दोघंच असाल तर समोर अनोळखी माणसं बसवतात. टाळू नका ते. इंग्रजीची चिंता नको, सावकाश बोललं की लोक मनापासून ऐकतात. या गाड्यांत आमिश या ख्रिस्ती पंथाची कुटुंबं बरीच असतात, धर्मनियमामुळे ती विमानाने जात नाहीत. शेतकरी असतात, नातवंडांना भेटायला निघालेले आजी-आजोबा असतात. लेकीच्या घरात राहून जो देश दिसत नाही, तो त्या टेबलावर भेटतो. त्यासाठी तरी एक जेवण खोलीत न मागवता तिथे जाऊन जेवाच.

औषधं सामानात देऊ नका, हातातल्या पिशवीत ठेवा, आणि दोन दिवस जास्तीची. इन्सुलिनसारखं थंड ठेवायचं काही असेल तर गाडीतल्या फ्रिजवर विसंबू नका, स्वतःची छोटी थंड पिशवी आणा. वाटेत घड्याळ दोनदा एकेक तास मागे जातं आणि वेळापत्रकातली प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. एक मनगटी घड्याळ शिकागोच्या वेळेवरच राहू द्या आणि गोळ्या त्यावर घ्या. पासपोर्ट कायम अंगावर. रात्री डबा चांगलाच गार होतो. कोचमध्ये पांघरूण देत नाहीत, खोलीत देतात, तरीही एक शाल हवीच. दोन मोठ्या बॅगा स्टेशनवरच सामानाच्या डब्यात देऊन टाका, प्रत्येकी २३ किलोपर्यंत त्याचे पैसे पडत नाहीत. पण ही सोय सगळ्या स्टेशनांवर नसते, त्यामुळे मध्ये उतरणार असाल तर तिथे ती आहे का हे आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्या. रूमेटमध्ये मोठी बॅग मावत नाही, एका रात्रीचे कपडे वेगळे काढून ठेवा. शिकागोला लाल टोपीवाले अधिकृत हमाल असतात, ते गाडीपर्यंत सामान आणि काकूंना दोघांनाही पोचवतील.

मधल्या मोठ्या थांब्यांवर पाय मोकळे करायला उतरता येतं. किती वेळ थांबणार हे कंडक्टर सांगतात, पण गाडी उशिरा असेल तर तो वेळ कापतात. दारापासून दूर जाऊ नका आणि काही विकत घ्यायला स्टेशनबाहेर तर मुळीच नको. मोबाइलला दऱ्यांमध्ये रेंज नसते, हे लेकीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती उगाच काळजी करत बसेल.

एमरीव्हिल हे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचं स्टेशन आहे. तिथून ॲमट्रॅकचीच बस पूल ओलांडून शहरात नेते, तिकीट शहरापर्यंतचं काढलंत तर ती त्यातच येते. तुम्हाला घ्यायला कुणी येणार असेल तर त्यांना एमरीव्हिललाच बोलवा आणि निघण्याआधी गाडी कुठे आहे ते ॲपवर बघायला सांगा.

महिना निवडता येत असेल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा घ्या. उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली असते, रूळ तापून वेग कमी करायची वेळ सहसा येत नाही, आणि कोलोरॅडोच्या उतारांवर ॲस्पेनची झाडं पिवळीधमक झालेली असतात. नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा आठवडा आणि नाताळ टाळा, खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर दुप्पट दराने. हिवाळ्यात बर्फातली रॉकी फार सुंदर दिसते, पण दिवस लहान असतो; तेव्हाही पश्चिमेकडे जाणारीच गाडी बरी, कारण उलट दिशेची गाडी डेन्व्हरचा उतार उतरते तोवर बाहेर काळोख झालेला असतो.